भिशीचं ॲप करतेय, पैसे ॲपमधूनच फिरवू का? (सोलापूर)

पूर्वभागवाली:
नमस्कार, मी सोलापूरची, इंजिनिअरिंग करून ४ वर्षं पुण्यात पेमेंट कंपनीत होते, आता परत आलेय. आमच्या गल्लीत निम्म्या बायका विड्या वळतात आणि प्रत्येकीची कुठे ना कुठे भिशी आहेच, हिशोब एका वहीत, वही एकीकडे, आणि नंबर कुणाचा लागला यावरून दर महिन्याला भांडण. म्हणून ॲप करतेय. हप्ते ॲपमध्येच गोळा करायचे आणि पुढे छोटं कर्जपण द्यायचं असं डोक्यात आहे. पुण्यात एका गुंतवणूकदाराला दाखवलं तर त्याने पहिलाच प्रश्न विचारला, लग्न झाल्यावर हे कोण बघणार? फार लागलं ते. पण काम सोडायचं नाहीये. सुरुवात कशी करू?

हिशोबनीस:
ताई, पैशाला हात लावू नका. खरंच. चिट फंड कायदा १९८२ चा आहे, परवानगीशिवाय भिशी चालवणं त्यात बसत नाही, आणि २०१९ च्या कायद्याने परवान्याशिवाय लोकांच्या ठेवी घ्यायला बंदी आहे, उद्या एका गटात गडबड झाली तर तुमचं नाव पुढे येईल. कर्जाचं म्हणाल तर नवीन एनबीएफसीला, म्हणजे बँक नसलेल्या कर्ज देणाऱ्या कंपनीला, १० कोटी भांडवल लागतं. दुसऱ्याच्या एनबीएफसीसोबत करता येतं, पण रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमाप्रमाणे कर्ज थेट बाईच्या बँक खात्यात जायला हवं, मध्ये तुमचं खातं नको, आणि तिच्या फोनमधले काँटॅक्ट उघडायचे नाहीत. बचत गटाची वही ठेवायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही, तिथून सुरू करा.

लागोसप्रेमी:
नायजेरियाचं पिगीव्हेस्ट हे बचतीचं ॲप बघा, ओडुनायो एवेनियी ही त्याच्या संस्थापकांपैकी एक. २०१५ च्या शेवटी एका बाईने वर्षभर रोज १,००० नायरा लाकडी पेटीत टाकल्याचं ट्विट फिरत होतं, त्यावरून सुचलं आणि २०१६ ला सुरू केलं. आधी फक्त बचत, बाकी सगळं नंतर. बायकांची सवय होतीच, तीच फोनवर आणली. तुमची वही म्हणजे तीच पेटी. आणि त्या लग्नवाल्या प्रश्नाला उत्तर देत बसू नका, मोबीक्विक ही पेमेंट कंपनी २००९ ला काढली त्या दोघांत उपासना टाकू होत्या, २०२४ ला कंपनी शेअर बाजारात आली.

गटातली ताई:
मी गटांचं काम बघते म्हणून सांगते, फोन बाईचा नसतो. पोराचा असतो नाहीतर नवऱ्याचा, रात्रीच हातात येतो. पिन टाकायला सांगितलं की पोरगाच टाकतो, मग बाईचे पैसे कुठले राहिले? म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेत बायकांनीच संस्थापक चेतना सिन्हांना सांगितलं की पिन नको, अंगठा ठेवा. त्याच बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने आधी नाकारला होता, बायकांना लिहिता येत नाही म्हणून, तर बायका परत गेल्या आणि म्हणाल्या आम्हाला व्याज काढायला सांगा, तुमच्या साहेबांनापण विना कॅल्क्युलेटर काढू द्या, बघू कोण आधी सांगतं. १९९७ ला बँक सुरू झाली. त्यामुळे हिशोब शिकवायला जाऊ नका, तो त्यांचा तोंडपाठ असतो, वाचण्याची अडचण आहे. आणि सोलापूरच्या पूर्वभागात निम्म्या घरात तेलुगू बोलतात, मराठी ॲप कोण उघडणार? बोलणारं करा.

पूर्वभागवाली:
तेलुगूचं माझ्या लक्षातच नव्हतं, आणि मी तिथेच वाढलेय! कर्जाचं बटण काढून टाकते, हप्ते बायका हातातच देतील, ॲप फक्त कुणी किती दिले ते मोठ्याने सांगेल, सगळ्यांसमोर. फोन गटाचा एकच, अध्यक्षाकडे. हिशोबनीस, भिशी न घेता आधी नोंद असलेले बचत गटच घेते. तेलुगू आवाज द्यायला कोणी आहे का, २० च वाक्यं आहेत.

सुरेखा_सोलापूर:
मी देते. रविवारी येते, आईलाही आणते, तिने ३० वर्षं विड्या वळल्यात. हप्त्याला बायका नक्की काय म्हणतात ते तिलाच माहीत, माझं तेलुगू शाळेतलं झालंय.