तंबाखू-सुपारी काहीच नाही, तरी टॉन्सिलचा कॅन्सर. रिपोर्टमधलं 'पी१६ पॉझिटिव्ह' म्हणजे काय?

अंबाजोगाईची_ताई
आमचे हे ५३ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. गळ्यात माळ, सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात घातलं नाही. पोळ्याच्या दिवशी दाढी करताना मानेला उजवीकडे आवळ्याएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून दोन महिने लेप लावण्यात गेले. शेवटी संभाजीनगरला टॉन्सिलचा तुकडा तपासला. कॅन्सर निघाला, पी१६ पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणाले, एचपीव्ही विषाणूचा आहे.

भाच्यानं मोबाईलवर वाचलं की हा शरीरसंबंधातून लागतो. तेव्हापासून घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. ह्यांनी स्वतःहून ताट-तांब्या वेगळा केलाय. आमच्या लग्नाला २८ वर्षं झाली. स्पष्टच विचारते, ह्या रिपोर्टवरून माणसाच्या वागण्याबद्दल काही कळतं का? मला, लेकीला धोका आहे का? आणि हे बरं होतं का?

नांदेड_कान_नाक_घसा
ताई, आधी ताट एक करा. सोबत जेवल्यानं कॅन्सर लागत नाही.

वागण्याबद्दल काहीही कळत नाही. एचपीव्ही इतका सर्रास आहे की संबंध आलेल्या बहुतेक बायका-पुरुषांना तो कधी ना कधी होतो, आणि वर्ष-दोन वर्षांत शरीर त्याला घालवतं. थोड्यांच्या टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी, तिथल्या खाचांत, तो दडून बसतो. बहुतेकदा १६ नंबरचा प्रकार. त्याची ई६ आणि ई७ ही प्रथिनं पेशीचे पी५३ आणि आरबी हे दोन ब्रेक निकामी करतात. आरबी गेला की पेशीत पी१६ नावाचं प्रथिन साचतं, तेच रिपोर्टात आलंय. लागण आणि गाठ यांत कैक वर्षं जातात, वीसतीसही. कुणाकडून, कधी आला, हे जगातली कुठलीच तपासणी सांगू शकत नाही. नवराबायकोत तो कुणाकडूनही कुणाकडे गेलेला असू शकतो.

आपल्याकडे तोंड-घशाचे कॅन्सर मुख्यतः तंबाखूचे, म्हणून बिनव्यसनी माणसाच्या गाठीवर चटकन शंका येत नाही. चाळिशीनंतर मानेला न दुखणारी गाठ तीन आठवडे राहिली तर दाखवायलाच हवी.

बरं होण्याचं म्हणाल तर २०१० साली अमेरिकेत पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांचा अभ्यास छापून आला. तीन वर्षांनी एचपीव्हीवाल्यांपैकी ८२ टक्के हयात होते, बाकीच्यांपैकी ५७ टक्के. म्हणूनच २०१७ नंतर ह्याची स्टेज वेगळी मोजतात. गाठ मानेत उतरलेली असूनही कागदावर 'स्टेज १' दिसलं तर चूक समजू नका. पण 'सौम्य आहे' म्हणून शेक (रेडिएशन) किंवा केमो कमी करून मागू नका. सिस्प्लॅटिन ह्या केमोच्या औषधाऐवजी सौम्य समजलेलं औषध देऊन पाहिलं गेलं, त्यात निकाल खालावले.

तुम्ही गर्भाशयाच्या तोंडाची नेहमीची तपासणी करून घ्या. घशासाठी अशी चाळणी-तपासणी नाही. लेकीला लस द्या. पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक २०२३ पासून मिळते. झालेल्या आजारावर मात्र लस चालत नाही.

परळीचा_काका
वहिनी, माझा तंबाखूचा होता, घशाचाच. सहा वर्षं झाली. ३५ शेक, सात आठवडे. शेक सुरू व्हायच्या आधी दात दाखवा, किडका असेल तर आधीच काढून घ्या, नंतर जबड्याचं हाड भरत नाही. चौथ्या आठवड्यात थुंकी गिळताना जीव जायचा. ज्वारीच्या कण्या ताकात पातळ करून घोट घोट घेतल्या. नाकातून नळी टाकायची म्हणाले तर टाकू द्या, मी दहा दिवस नाही म्हणत बसलो अन् आठ किलो उतरलो. रोज गिळत राहायला लावा, थांबलं की घसा आवळतो. मानेला तिखट, साबण, ऊन काही लागू देऊ नका.

अंबाजोगाईची_ताई
डॉक्टर, तुमचं उत्तर मी रात्री ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. 'कुणाकडून आला ते सांगता येत नाही' हे वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग उठून स्वतःचं ताट मांडणीत सगळ्यांच्या ताटांत ठेवलं.

काका, दाताचा नंबर सोमवारचा लागलाय, डावीकडची दाढ किडकी आहेच. लेक १९ वर्षांची आहे, तिला लसीचे दोन डोस की तीन?

नांदेड_कान_नाक_घसा
तीन. चौदापर्यंतच्या मुलींना दोन पुरतात. दाढ काढली तर जखम भरायला दोनेक आठवडे लागतील, ते शेकवाल्या डॉक्टरांच्या कानावर आजच घाला.