वाड्याच्या माळ्यावर वटवाघळं, पावसाआधी फटी बुजवू का?

तिवंधा_वाडा: जुन्या नाशकातला दुमजली वाडा, वर मंगलोरी कौलं. तुळई भिंतीत शिरते तिथे फट आहे, दिवेलागणीला वटवाघळं तिथूनच बाहेर पडतात. खाली लेंड्या, भिंतीवर तेलकट काळा डाग. डांबराच्या गोळ्या टाकून काही फरक नाही. मेअखेर कौलं शाकारायची आहेत, तेव्हाच सिमेंटने फट बंद करून टाकावी का?

माळवद: मेमध्ये अजिबात नको. उन्हाळा-पावसाळ्यात आत न उडणारी पिल्लं असू शकतात. फट बंद केली की ती आतच मरतात, महिनाभर वास सुटतो आणि अडकलेल्या माद्या वाट शोधत खोल्यांत उतरतात. धूर केला तरी तेच. काम दसऱ्यानंतर, कडाक्याची थंडी पडायच्या आत करा. यंदा शाकारताना तेवढा भाग सोडा. ताडपत्री टाकलीत तर फटीचं तोंड मोकळं ठेवा.

तेव्हा आधी दोन-तीन संध्याकाळी दोघांनी दोन बाजूंना उभं राहून कुठून किती बाहेर पडतात ते बघा. अंधार पडल्यावर माळ्यावर बॅटरी मारून पिल्लं नाहीत याची खात्री करा. मग मुख्य वाट सोडून करंगळी जाईल एवढी प्रत्येक फट बुजवा; सव्वा सेंटिमीटर त्यांना पुरतं. मुख्य वाटेवर प्लास्टिकची बारीक जाळी लावा, भोक ४ मिमीच्या आत. वर आणि दोन्ही बाजूंना पक्की, खाली मोकळी, फटीच्या खाली दीड-दोन फूट लोंबती आणि थोडी सैल. बाहेर पडणारं जनावर भिंतीवरून सरकत खालून निसटतं, परतताना मात्र थेट फटीवर येतं आणि जाळीला अडतं. ताणून बसवली तर बाहेरच पडता येत नाही, लोक नेमकं इथेच चुकतात. सात रात्री ठेवा, पाऊस झाला तर आणखी. एकही निघत नाही असं दिसलं की मगच बुजवा.

चुना_सुरखी: तुळईभोवती सिमेंट नको. लाकूड फुगतं-आकसतं, सिमेंट सुटतं आणि वर्षात पुन्हा फट पडते. शिवाय ओल कोंडून तुळईचं टोक कुजतं. फटीत तारेची जाळी चुरगळून दाबा, वरून चुन्याचा गिलावा. कौलांच्या सांध्यांना बाहेरून काही भरत बसू नका. शाकारताना कौलाखाली, रिपांवर जाळी अंथरून घ्या.

तिवंधा_वाडा: आभारी आहे. एखादं खोलीत शिरलं तर?

माळवद: आधी पंखा बंद! मग आतलं दार लावा, खिडक्या सताड उघडा, दिवा घालवून बाहेर थांबा. भिंतीला चिकटून बसलं तर वर डबा ठेवून मागून पुठ्ठा सरकवा. उघड्या हाताने धरू नका. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठा.

पंचवटीकर: लेंड्या कोरड्या झाडू नका, धुळीतल्या बुरशीने फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. एन-९५ मास्क, हातमोजे, साबणाचं पाणी फवारून भिजू द्या, मग पत्र्याने खरवडून दुहेरी पिशवीत. उंदराच्या नाहीत ना, हे पाहायचं तर काडीने दाबा: वटवाघळाची लेंडी भुगा होते, आत किड्यांच्या पंखांचे चकाकते तुकडे दिसतात. आवाजाची यंत्रं विकत घेऊ नका, फुकट पैसे जातात.