मदत हवी आहे : बेळगावात एकट्यानं वेबसाइटची कामं, दिवस हातातून निसटायलाय

माडीवरचा

नमस्कार मंडळी,

मी बेळगावच्या वडगाव भागातला. पुण्यात पाच वर्षं एका कंपनीत फ्रंटएंडचं, म्हणजे वेबसाइटच्या दिसणाऱ्या भागाचं काम केलं. दीड वर्षापूर्वी घरी परतलो, आता एकटाच वेबसाइट करून देतो. गिऱ्हाईकं मिळतात. उद्यमबागेतला एक कारखाना आहे, खानापूरकडचे काजूवाले आहेत, कोल्हापूरचा एक क्लास आहे. कामं येतात, ती संपत नाहीत.

बाबा माग चालवायचे. संध्याकाळी किती साडी उतरली ते घरात सगळ्यांना दिसायचं. मागाचा आवाज थांबला की आई स्वयंपाकघरातून ओळखायची, धागा तुटलाय की बाबा जेवायला उठलेत. माझं तसं नाही. मी सकाळी नऊला माडीवर जाऊन बसतो. रात्री आई विचारते, "झालं काय रे आज?" मला सांगता येत नाही. काम केलेलं असतं, खरं दाखवण्यासारखं काही नसतं.

पुण्यात रोज दहाला टीमची पंधरा मिनिटांची बैठक असायची. तेव्हा तिचा कंटाळा यायचा. आता कळतंय, उद्या तिथं काय सांगायचं या धाकानं मी आदल्या दिवशी काम उरकायचो. इथं माझ्या कामाची वाट बघणारं कोणी नाही. गिऱ्हाईकाला साइट हवी असते, पण या आठवड्यात की दिवाळीला, ते त्यालाही ठाऊक नसतं.

काजूवाल्यांची साइट मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांत आहे. मराठी मजकूर श्रीलिपीत टाइप करून आला, कन्नड नुडीत. दोन्हींची अक्षरं त्यांच्या स्वतःच्या फाँटशिवाय दिसत नाहीत. ब्राउझरमध्ये पेस्ट केलं की नुसती चिन्हं. कन्नड मी बोलतो, वाचतो, खरं शुद्धलेखन तपासण्याइतकं येत नाही. चार दिवस त्यात गेले, आणि ते मी दरात धरलेच नव्हते. मग ते काम बाजूला ठेवून आठवडाभर एक नवीन फ्रेमवर्क (साइट बांधायचा तयार सांगाडा) शिकत बसलो. साइट अजून तिथंच आहे.

कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं गिट पुण्यात रोज वापरायचो. इथं सोडलं, एकट्याला कशाला म्हणून. आता फोल्डरच्या प्रती काढून ठेवतो. आणखी एक, क्लासचं बिल महाराष्ट्रातलं आहे, तर मला जीएसटी नोंदणी लागेल का? वर्षाची उलाढाल सहा लाखांच्या आत आहे.

बाबांची तब्येत बघता पुण्याला परत जायचं नाही. जे एकटे बसून काम करतात त्यांनी सांगा, दिवस कसा बांधता?

वेदगंगा_काठ

भावा, मी निपाणीत बसून बारा वर्षं हेच करतोय. गिट उद्यापासून परत सुरू कर. रात्री त्यातली नोंदवही, म्हणजे लॉग, उघडलास की आज काय उतरलं ते ओळीनं दिसतं. तुझ्या बाबांची साडी तीच. एका कमिटमध्ये (बदलाच्या एका नोंदीत) एकच गोष्ट, आणि संदेश मराठीत लिही : "संपर्काचा फॉर्म मोबाइलवर नीट बसवला". आईला वाचून दाखवता येईल असा. गिटहब या साइटवर खाजगी रिपॉझिटरीला (कोडच्या साठ्याला) पैसे पडत नाहीत, म्हणजे पावसाळ्यात वीज खेळून लॅपटॉप गेला तरी कोड शाबूत.

वाट बघणारं माणूस आपणच तयार करायचं. साइट नेटवर चढवणाऱ्या क्लाउडफ्लेअर पेजेसला रिपॉझिटरी जोडलीस, की प्रत्येक ब्रँचची (कामाच्या वेगळ्या प्रतीची) प्रिव्ह्यू लिंक आपोआप तयार होते, ती उघडली की चालू काम बघता येतं. दर शुक्रवारी पाचला ती गिऱ्हाईकाच्या व्हॉट्सॲपवर टाक, काम अर्धं असलं तरी. दोन शुक्रवार गेले की तिसऱ्याला त्यांचाच फोन येतो. माझी गाडी यानंच रुळावर आली.

४० टक्के आधी घे. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही ब्राउझरला वाचता येईल अशा अक्षरांत, हातात आल्याशिवाय तारीख देऊ नकोस. कन्नड तपासणीचे पैसे दरपत्रकात वेगळे लाव आणि ते काम कन्नडच्या शिक्षकाला दे.

जीएसटीचं : वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर दुसऱ्या राज्यातल्या गिऱ्हाईकाला सेवा दिली म्हणून नोंदणी सक्तीची होत नाही. ऑक्टोबर २०१७ पासून ही सूट आहे. माल पाठवणाऱ्यांना ती लागू नाही, म्हणून लोकांचा गोंधळ होतो.

अनुस्वार

तीन भाषांबद्दल सांगते. प्रत्येक भाषेला वेगळा पत्ता द्या आणि पानं एकमेकांना एचरेफलँगनं जोडा, म्हणजे कुठलं पान कुठल्या भाषेतलं ते सर्च इंजिनला कळतं. एकाच पत्त्यावर बटण दाबून मजकूर बदलला, तर कन्नडमध्ये शोधणाऱ्याला तुमचं पान सापडणं अवघड होतं.

पानाच्या लँगमध्ये (भाषा सांगणाऱ्या खुणेत) मराठीला "एमआर", कन्नडला "केएन" लिहायला विसरू नका. नोटो सान्स देवनागरी या फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे काढलेले आहेत. लँग मराठी असेल तरच ते उमटतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. गिऱ्हाईकाला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं हे नक्की. मुक्ता फाँट सुंदर आहे, त्यात कन्नड नाही. शीर्षकांना दोन्ही लिप्या एका घरातल्या हव्या असतील तर बलू हा फाँट बघा, त्याचं कन्नड भावंड बलू तम्मा. कन्नडची ओत्तक्षरं (जोडाक्षरातली खालची अक्षरं) ओळीखाली उतरतात, म्हणून ओळींतलं अंतर १.६ च्या आसपास ठेवा.

माडीवरचा

दोघांचेही मनापासून आभार. वेदगंगा दादा, काल शुक्रवार होता. काजूवाल्यांना अर्धीच लिंक पाठवली. तासाभरात फोन आला. त्यांची मुलगी कन्नड माध्यमात शिकते, तिनं पहिल्याच ओळीत "गोडंबी" चुकल्याचं सांगितलं. उरलेली पानंही ती वाचून देणार आहे. तिचे पैसे मी दरपत्रकात लावून पाठवले, काजूवाले काका हो म्हणाले. रात्री आईला सात कमिट वाचून दाखवले.

आता अडलंय ते नुडीतून युनिकोडला आणताना. जिथं व्यंजनाच्या आधी अर्धा र आहे, तिथं कन्नडात तो व्यंजनानंतर लिहितात, आणि बदललेल्या मजकुरात त्याची जागा चुकायलीय. साठेक शब्द हातानं दुरुस्त केले, अजून अकरा पानं आहेत. हे आपोआप दुरुस्त करणारी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) कुणी लिहिलीय का?