घाटातल्या आणि रुळांकाठच्या गोष्टी - तुम्ही काय ऐकलंय?

मंडळी, लहानपणी शिवाजीनगरहून लोकल पकडून आजोळी मळवलीला जायचो तेव्हा आजीकडे वाटेतल्या दर स्टेशनाची एक गोष्ट असायची. खंडाळा-पुणे लाईन १८५८ ची, खंडाळ्याखालच्या बोरघाटातली रेल्वे १८६३ ला सुरू झाली, म्हणजे सांगण्यासारखं किती साठलं असेल बघा. आजी गेली आणि निम्म्या गोष्टी मला आता आठवतच नाहीत, त्याचं फार वाईट वाटतं. तुमच्या घरी काय सांगायचे ते लिहा, दोन ओळी असल्या तरी चालतील.

*

शिंग्रोबाशिवाय घाट कसा पुरा होणार! वडील ट्रक चालवायचे, जुन्या हायवेला देवळापाशी नाणं टाकल्याशिवाय कधी पुढे गेले नाहीत. साहेबाला घाटातून वाट सापडेना, तर शिंग्रोबा धनगर म्हणाला माझी जनावरं जातात तिकडनं या, मग साहेब म्हणाला बक्षीस माग, तर यानं मागितलं आमच्या देशाला स्वातंत्र्य द्या, आणि त्याला तिथंच गोळी घातली असं सांगतात. वडील म्हणायचे वाट दाखवली ती रस्त्यासाठी, मामा म्हणायचा रेल्वेसाठी, दिवाळीला दोघांची यावरून जुंपायची. पण घाट उतरताना हात दोघंही जोडायचे.

*

माझे पणजोबा जीआयपीत, म्हणजे तेव्हाच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत, फायरमन होते. तेव्हा घाटात रिव्हर्सिंग स्टेशन होतं, गाडीला वळायला जागाच नाही म्हणून ती तिथं थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या तोंडाने निघायची. १९२९ च्या सुमारास नवीन बोगदे झाले आणि ते बंद पडलं. चढ म्हणजे ३७ फुटाला १ फूट, कोळसा टाकून टाकून दंड भरून यायचे म्हणे. घाट बांधताना एका वेळी ४२,००० च्या वर माणसं कामाला होती, त्यातली कितीतरी पटकीने गेली, आणि रात्री बोगद्यात त्यांच्या घणाचे आवाज येतात असं ड्युटीवरची माणसं सांगायची. पणजोबा डब्यातली चतकोर भाकरी बोगद्याच्या तोंडाशी टाकायचे. पणजी म्हणून रोज एक भाकरी जास्त थापायची. ही गोष्ट मी कालच लेकीला सांगितली.

*

मळवली म्हटलं की एकवीरा. पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधलं, देवी प्रसन्न झाली आणि अज्ञातवासात तुम्हाला कोणी ओळखणार नाही असा वर दिला. चैत्रात कोळी मंडळी पालख्या घेऊन येतात तेव्हा आमच्या भाजे गावापर्यंत वाजप ऐकू येतं.

*

मला ॲलिस ट्रेडवेलबद्दल लिहायचंय. घाटाचा ठेकेदार, तिचा नवरा, १८५९ ला इथं आला आणि थोड्याच दिवसात वारला, तर बाईंनी ठेका स्वतःकडे घेतला आणि काम पुढे नेलं. एवढी मोठी गोष्ट, पण आपल्याकडे कुणी सांगतच नाही!
वर भाकरीचं वाचून गलबलून आलं. कुठला बोगदा ते माहितीय का, मंकी हिलच्या बाजूचा का?

*

नक्की नाही सांगता येणार, वडिलांना विचारून उद्या लिहिते. ते खंडाळ्याच्या बाजूचं काहीतरी म्हणायचे.