शब्दचर्चा: सॅम्पल, लूप, ब्रेक, चॉप

प्रश्न: एका हिपहॉप गाण्याच्या परीक्षणात ‘जुन्या गाण्याची चाल सॅम्पल केली आहे’ असं वाचलं. हे बरोबर आहे का? ‘सॅम्पल’ला ‘नमुना’ म्हटलं तर चालेल?

खर्ज: चाल सॅम्पल होत नाही, ध्वनिमुद्रण होतं. तबकडीवरचा आवाज खरखरीसकट जसाच्या तसा घेतला तर ते सॅम्पल. तीच चाल वादक बसवून नव्याने वाजवून घेतली तर इंटरपोलेशन. ‘रॅपर्स डिलाइट’ या हिपहॉप गाण्यातली (१९७९) बेस गिटारची चाल शीक या बँडच्या ‘गुड टाइम्स’ची, पण ती स्टुडिओत पुन्हा वाजवलेली आहे. त्याला सर्रास सॅम्पल म्हणतात, ते चूक. फरक परवानगीतही पडतो. सॅम्पलसाठी मुद्रणाचा मालक आणि रचनेचा हक्कदार, दोघांचीही संमती लागते. इंटरपोलेशनला फक्त रचनेच्या हक्कदाराची.

‘नमुना’ मात्र नको. डिजिटल ध्वनीत सॅम्पल म्हणजे आवाजाचं एक मोजमाप, सीडीवर सेकंदाला ४४,१००. तिथे ‘नमुना’ चपखल बसतो. दोन्हीकडे वापरलात तर घोळ होईल.

तिय्या: मग सरळ ‘उचललंय’ म्हणा की.

खर्ज: बोलताना ठीक, पण त्याला चोरीचा वास आहे. रॅपर बिझ मार्कीच्या सॅम्पलवरचा १९९१चा न्यूयॉर्कमधला निकाल ‘चोरी करू नकोस’ या बायबलच्या आज्ञेनेच सुरू होतो. रीतसर परवानगी असेल तर ‘घेतलंय’ बरं.

तिय्या: मान्य. लूप आणि ब्रेकमध्येही लोक गल्लत करतात. ब्रेक मूळ गाण्यातच असतो: बाकीची वाद्यं थांबतात आणि ड्रम एकटा वाजतो. ‘आमेन, ब्रदर’ (१९६९) मधला ड्रमर ग्रेगरी कोलमनचा चार बारांचा (बार म्हणजे इथे चार मात्रांचं आवर्तन) ब्रेक जेमतेम ७ सेकंदांचा आहे. त्याची टोकं जोडून तो फिरवत ठेवला की झाला लूप.

टोकं जुळवणं हीच खरी मेख. ९०च्या टेम्पोला (मिनिटाला ९० मात्रा) चार बार म्हणजे १०.६७ सेकंद. काप २० मिलिसेकंदांनी लांबला आणि लूप आपोआप फिरत राहिला, तर सोबतच्या प्रोग्राम केलेल्या ड्रमपासून तो आठ फेऱ्यांत १६० मिलिसेकंद मागे पडतो, म्हणजे जवळजवळ पाव मात्रा! तरंग शून्यावर नसताना कापलं तर दर फेरीला ‘टक्’ ऐकू येतं, ते वेगळंच. शिवाय जुने ड्रमर मेट्रोनोमवर (ठरल्या गतीने टिकटिक करणाऱ्या यंत्रावर) वाजवत नसत, त्यामुळे चार बारांपेक्षा एकच बार फिरवणं सोपं जातं.

अष्टपैलू: आणि चॉप?

खर्ज: सॅम्पलचे तुकडे पाडून ते पॅडवर, म्हणजे यंत्राच्या बोटांनी दाबायच्या चौकटींवर लावायचे आणि वेगळ्या क्रमाने वाजवायचे. एमपीसी ६० (१९८८) या सॅम्पलिंगच्या यंत्रावर असे १६ पॅड होते. ‘तुकडे पाडले’ हे मराठीत छान चालतं.

अष्टपैलू: ‘सॅम्पल खाली आणलंय’ असंही ऐकतो. म्हणजे आवाज कमी केलाय का?

तिय्या: नाही, स्वर उतरवलाय. एसपी-१२०० या सॅम्पलिंगच्या जुन्या यंत्रावर एका सॅम्पलला कमाल २.५ सेकंद मिळत. ९०च्या टेम्पोचा एक बार २.६७ सेकंदांचा, म्हणजे मावत नाही. मग मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ४५वर फिरवून घ्यायची (बार १.९८ सेकंदांत उरकतो) आणि यंत्रात साधारण पाच अर्धस्वर उतरवून मूळ गतीला आणायची. १२ बिटच्या (आवाज कमी बारकाव्याने मोजणाऱ्या) या यंत्रात स्वर उतरवताना जो खडबडीतपणा येतो, तो पुढे लोकांना इतका भावला की आता सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम घालतात.