मदत हवी आहे: पहिलाच डायोरामा, १:३५, डिसेंबर १९६१

नमस्कार मंडळी,

मी डिचोलीचा. दोनेक वर्षं रणगाडे, जीप वगैरेंची छोटी मॉडेल्स जोडतोय, पण सगळे कपाटात ओळीने उभे, एकमेकांशी अबोला धरल्यासारखे. आता एक छोटा डायोरामा, म्हणजे पाटावर मांडलेला देखावा, करायचाय. विषय घरचाच, ऑपरेशन विजय, म्हणजे भारतीय सैन्याने गोवा पोर्तुगीजांकडून सोडवला ती कारवाई. १८ डिसेंबर १९६१च्या पहाटे पोर्तुगीजांनी डिचोलीचा पूल उडवला, तेव्हा आजोबा गावातच होते. तो धडाका त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलाय की आधी पूलच करणार होतो.

मग हिशेब मांडला. पाट २० बाय १५ सेंटिमीटरचा, कारण त्याहून मोठी जागा आई देणार नाही. १:३५ला, म्हणजे सगळं मूळच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढं धरलं तर, तो म्हणजे प्रत्यक्षातले ७ मीटर बाय सव्वापाच मीटर. त्यात पूल कसला बसवता! १:७२ला जागा दुप्पट लांब-रुंद मिळते, पण माणूस जेमतेम अडीच सेंटिमीटरचा, आणि माझा चष्मा आताच दोनचा आहे. म्हणून १:३५ नक्की.

दुसरी कल्पना अशी. ५० पॅराशूट ब्रिगेड १९ तारखेला सकाळी पणजीत शिरली, तेव्हा ब्रिगेडियर सगत सिंग यांनी जवानांना पोलादी हेल्मेट काढून पॅराशूटवाल्यांची मरून (गडद तांबड्या) रंगाची बेरे, म्हणजे मऊ गोल टोपी, घालायला सांगितलं होतं. तोच क्षण घ्यायचा. रस्त्याकडेला जांभ्या चिऱ्यांचं कुंपण, तांबडी माती, मागे एक माड आणि हेल्मेट उतरवून बेरे घालणारे तीन जवान.

अडतंय ते असं. त्या काळच्या भारतीय जवानांचा तयार संच मला मिळालेला नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिशांचा प्लॅस्टिक संच घेतला तर चालेल का? थाळीसारखं हेल्मेट, .३०३ रायफल, ब्रेन गन (हलकी मशीनगन) हे सगळं जुळतं. अंगातल्या कपड्यांचं काय करू? तिघांना उभं कसं करायचं? आत्ता कागदावर तरी ते बसची वाट बघतायत असं दिसतं. आणि माती अंगणातलीच वापरावी का?

एक पराक्रम आधीच करून झालाय. थर्मोकोलचं कुंपण कोरलं, चिरे छान उठले, आणि त्यावर थेट स्प्रेचा डबा मारला. पाच मिनिटांत कुंपणाचा पार चोथा. शेजारच्या काकींनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "हो कसलो रे भुरग्यांचो (पोरांचा) खेळ?" तोंड नव्हतं उत्तर द्यायला.

जाणकारांनी सांगावं. आगाऊ आभार.

प्रतिसाद १

विषय झकास. पण एका गोष्टीकडे लक्ष गेलेलं दिसत नाही. मरून बेरे, मागे तांबडे चिरे, खाली तांबडी माती. ज्याच्यासाठी हा खटाटोप, ती टोपीच दिसणार नाही! कुंपणाऐवजी चुना लावलेला गेटाचा खांब करा. चुना खाली पोपडे निघून गेलेला, तिथून चिरा डोकावतोय. डोकं बरोबर त्या पांढऱ्यावर आलं पाहिजे.

तिघे एकाच वेळी टोप्या बदलायला लागले की कवायत होते. दोघेच ठेवा. एकजण दोन्ही हातांनी बेरे बसवतोय, त्याचं हेल्मेट खांबावर उलटं पडलंय. दुसऱ्याने केव्हाच घातलीय आणि तो रस्त्याकडे बघतोय. तो काय बघतोय ते दाखवू नका. खांब आणि रस्ता पाटाच्या कडांना समांतर नकोत, थोडे तिरके घ्या.

माड विसरा. १५ मीटरचा माड १:३५ला ४३ सेंटिमीटर होतो, पाटाच्या दुप्पट. एखादं वाळकं चुडत (माडाची झावळी) खाली पडलेलं दाखवलंत की माड आपोआप कळतो.

प्रतिसाद २

ब्रिटिश संच चालेल, पण युरोपातला लोकरी, कमरेशी संपणारा कोट असलेला नको. आफ्रिकेतल्या आठव्या आर्मीतले लांब पँटवाले बघा, सुती कपडे आहेत, ऑलिव्ह ग्रीन रंगवले की काम होतं. बेरे एम-सीलची करा. मळून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा, नाहीतर बोटाला चिकटत राहील. बिल्ला डाव्या डोळ्यावर, कापड उजव्या कानाकडे ओढलेलं. हे उलटं झालं तर फौजी माणूस पहिलं तेच दाखवेल. ब्रिगेडमध्ये २ शीख लाइट इन्फन्ट्रीही होती, त्यातला जवान करायचा असेल तर पगडी लागेल, हेल्मेटचा प्रसंगच नाही.

माती अंगणातली घ्या, पण तव्यावर भाजून, खलात कुटून, मलमलीतून गाळून. अर्ध्या मिलिमीटरचा कण या प्रमाणात पावणेदोन सेंटिमीटरचा खडा होतो. पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे तो मातीत नीट मुरतो. वाळल्यावर माती काळपट दिसेल, वरून फिकट रंगाचा कोरडा ब्रश फिरवा. गवताला पायपुसण्यातला काथ्या पुरे.

थर्मोकोलवर आधी फेविकॉलचे दोन हात, मग ॲक्रिलिक, तेही ब्रशने. आणि मॅट वार्निशचा स्प्रे पावसाळ्यात मारू नका. आपल्याकडच्या दमट हवेत त्यावर पांढरी साय धरते. मी दोन शिपाई असे घालवलेत.

धागाकर्ता

टोपी-मातीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शाळेतल्या रंगपेटीतले रंग काढून कागदावर ठेवून बघितले, खरंच गायब झाली. गेटाचा खांब पक्का, माड रद्द. आजोबांना दाखवलं तर त्यांचं म्हणणं, डिसेंबरात चुन्यावर शेवाळ हिरवं नसतं, वाळून काळं पडलेलं असतं. हे त्यांचं बरोबर आहे, आमच्याच खांबावर तसं आहे.

एकच राहिलं. रस्त्याकडे बघणाऱ्याच्या खांद्यावर रायफल अडकवू, की ब्रेन गन देऊ? ब्रेनवाला संचात गुडघ्यावर बसलाय, त्याला उभा करायचं तर पाय कापावे लागतील, आणि कापायची अजून हिंमत होत नाहीये.