एकवीस दिवस कुलूप लावा म्हणणाऱ्यांना

तेरणाकाठ

दोन दिवसांपासून एक पोस्ट ग्रुपाग्रुपांत फिरायलीय. मजकूर थोडक्यात असा: "निपाहसारख्या जीवघेण्या आजाराच्या रुग्णाजवळ काम केलेल्या सिस्टर, ब्रदर, मामा-मावश्या (वॉर्डातले मदतनीस, झाडूवाले) सगळ्यांना २१ दिवस कुलपात ठेवा. कोणी लग्नाला, बाजाराला गेलं की गुन्हा नोंदवा. आणि कर्मचाऱ्यालाच लागण झाली तर चूक त्याचीच, किट नीट घातलं नसणार." खाली सगळ्यांच्या टाळ्या.

शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण तेच जास्त झोंबतंय. किट, म्हणजे मास्क-गाऊन-हातमोज्यांचा संरक्षक पोशाख, घालतात ते आजाराचा संशय आल्यावर. २०१८ च्या मे महिन्यात केरळात पेरांब्राच्या तालुका रुग्णालयात लिनी पुथुसेरी या सिस्टरनी त्या रुग्णाची सेवा केली तेव्हा निपाह हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. तापाचा पेशंट, एवढंच. त्यात त्या गेल्या. २०११ ला गुजरातेत गोचिडीतून येणाऱ्या क्रायमियन काँगो तापाची देशातली पहिली नोंद झाली, तिथंही उपचार करणारे डॉक्टर आणि सिस्टर दोघं गेले. २००१ ला पश्चिम बंगालातल्या सिलिगुडीत साथ आली, बहुतेकांना लागण दवाखान्यातच झाली, आणि तो निपाह होता हे कळायला काही वर्षं लागली. यातल्या कोणी किट कुठं चुकवलं, सांगा.

आपल्याकडंही तेच होणार. नमुना तिहेरी पॅकिंगमध्ये, बर्फात, पुण्याला एनआयव्ही या विषाणू संस्थेत जाणार. रिपोर्ट येईस्तोवर त्या वॉर्डातल्या सिस्टरच्या दोन नाइट होऊन गेलेल्या असतात, ती घरी जाऊन लेकराशेजारी झोपलेली असते. जीवघेण्या आजाराचा संसर्ग निष्काळजीपणानं पसरवण्याबद्दलच्या न्याय संहितेच्या कलम २७१ मध्ये "ठाऊक असताना किंवा तसं मानायला कारण असताना" असं लिहिलंय. तिला ठाऊकच नव्हतं तर गुन्हा कशाचा?

आता २१ दिवस. हा आकडा निपाहचा आणि इबोलाचा. काँगो तापाच्या संपर्कातल्यांवर १४ दिवस नजर ठेवतात. फुप्फुसाच्या प्लेगला ७ दिवस, आणि वर डॉक्सीसायक्लीन १०० ची गोळी दिवसातून दोनदा, तीही ७ दिवस. निपाहला अशी गोळी नाही, लसही नाही. सगळ्यांना एकच कुलूप लावणारा माणूस आजार वाचून आलेला नाही.

कर्मचाऱ्याची जबाबदारी नाही असं मी म्हणत नाही. ती आहे आणि नेमकी आहे. रक्त किंवा थुंकी अंगावर उडाली तर साबण-पाण्यानं धुणं. डोळ्यात गेलं तर १५ मिनिटं साधं पाणी किंवा सलाइन. सुई टोचली तर पिळायचं नाही, जखमेवर ब्लीच-स्पिरिट ओतायचं नाही. वेळ घालून रजिस्टरला नोंद. मग रोज सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी ताप मोजणं. काखेत एकदा, तोंडात एकदा असं नको, एकच जागा धरा. चहा पिल्यावर तोंडात मोजायचा तर १५ मिनिटं थांबा. आणि सगळ्यात मोठी चूक: अंग दुखतंय म्हणून आधी पॅरासिटामॉल खायची अन् मग मोजायचं. तो आकडा खोटा. आधी मोजा, लिहा, मग गोळी. ताप १००.४ च्या वर गेला तर एसटी नाही, रिक्षा नाही. फोन करून "मी संपर्कातला आहे" हे आधी सांगून मग १०८. न सांगता बोलावली तर गाडीतल्या डॉक्टरला आणि ड्रायव्हरला तुम्ही संपर्कात ओढलं.

बिंदुसरा

ती पोस्ट माझी नाही, पण बाजू घेतो. रिपोर्टच्या आधीचं सोडा, त्याला कोणीच गुन्हा म्हणत नाही. रिपोर्ट आल्यानंतरचं बोला. यादीत नाव आहे, फोन आलाय, तरी माणूस लपतो, मोबाइल बंद करतो, पाहुण्यांकडं जातो. १९९४ ला आपल्याच बीड जिल्ह्यात मामल्याला गाठीचा प्लेग निघाला, मागोमाग सुरतेत फुप्फुसाचा. सुरतेतून लाखो लोक गाड्या भरून पळाले, त्यात खाजगी डॉक्टरही होते. त्यांना आजार ठाऊक नव्हता का?

आणि "ताप आल्यावर कळवा" हा भोळेपणा आहे. अमेरिकेत २०१४ ला अंबर विन्सन नावाची नर्स इबोलाच्या पेशंटची सेवा करून ९९.५ ताप अंगात असताना विमानात बसली. कोविड तर ताप यायच्या एक-दोन दिवस आधीच पसरत होता. गोवरही पुरळ यायच्या चार दिवस आधी पसरतो. तुमचं थर्मामीटर तिथं काय करतं?

तेरणाकाठ

विन्सन विमानात बसायच्या आधी सीडीसीला (अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था) फोन करून ताप सांगून बसली होती. तिथून कोणी अडवलं नाही, कारण त्यांची मर्यादा १००.४ होती. यात तिनं काय लपवलं? त्याच महिन्यात क्रेग स्पेन्सर हा डॉक्टर इबोलाचे पेशंट बघून गिनीतून न्यूयॉर्कला आला, मेट्रोत फिरला, बोलिंग खेळला. १००.३ ताप दिसला त्या सकाळीच कळवलं. त्याच्यापासून एकालाही लागण झाली नाही.

कोविडचं, गोवराचं मान्य. ताप यायच्या आधी पसरणाऱ्या आजाराला नुसतं थर्मामीटर पुरत नाही, तिथं पहिल्या दिवसापासून वेगळी खोली हवी. माझं वाक्य निपाह-इबोलापुरतं धरा. झालं समाधान?

मन्याड

वेगळी खोली म्हणे. दोन खोल्यांचं घर, वर पत्रे, तीन घरांत मिळून एक संडास, मे महिना. ४३ डिग्रीत पत्र्याखाली दार लावून २१ दिवस बसायचं?

आणि पगाराचं कोणीच काढीना. एजन्सीमार्फत लागलेल्या मामाचं गणित साधं असतं: हजेरी नाही तर पैसा नाही. विलगीकरणाचे दिवस रजेत कापू नका, हा वाद २०२० ला थेट सुप्रीम कोर्टापर्यंत न्यावा लागला, तोही डॉक्टरांसाठी. झाडूवाल्या मावशीसाठी कोण जाणार? ताप कळवला की २१ दिवसांची रोजी गेली, नाही कळवला तर गोळी खाऊन ड्यूटी. बिंदुसरा, तुम्ही त्याला गुन्हेगार म्हणायलात, तो किराणा बघायलाय.

बिंदुसरा

किराण्यासाठी दुसऱ्याच्या लेकराला निपाह द्यायचा का? गरिबी ही पळवाट नाही.

मन्याड

पळवाट म्हणणारे बहुतेक एसीत बसून टाइप करायलेत.

हातमोजा नंबर सात

भांडा तुम्ही. दोघंही एक गोष्ट विसरायलात: रिपोर्ट आल्यानंतरची लागण बहुतेक किट घालताना होत नाही, काढताना होते. उन्हात तासभर किट घातलेला माणूस घामानं भिजलेला असतो, चष्म्यावर वाफ, डोकं चालत नाही. त्या अवस्थेत तो पहिल्यांदा काय करतो? मास्क ओढतो, कारण श्वास घ्यायचाय. तिथंच संपलं.

क्रम पाठ करा. वरचे हातमोजे, मग हात (म्हणजे आतले मोजे) चोळणं, मग गाऊन आतून बाहेर गुंडाळत, मग गॉगल मागच्या पट्ट्यानं, परत हात, खोलीबाहेर आल्यावर मास्क: खालचा पट्टा आधी, वरचा नंतर, समोर हात लावायचा नाही. शेवटी आतले मोजे, आणि साबणानं हात. समोर एक जण वाचून दाखवणारा हवा. एकट्यानं किट काढणं हीच चूक. दाढीवर एन-९५ बसत नाही, हे आमच्या भाऊंना कोणी सांगावं.

आणि वॉर्डाबाहेर ती पांढऱ्या पाण्याची बादली असते ना, तिच्यावर कोणाचा विश्वास असेल तर तो काढून टाका. सकाळी कालवलेलं ब्लीचिंग, झाकण नाही, उन्हात ठेवलेलं. दुपारी त्यात हात बुडवला काय अन् टँकरच्या पाण्यात बुडवला काय, सारखंच.

बिंदुसरा

ब्लीचिंगचं तरी नका सांगू. मूठभर टाकलं, कालवलं, झालं. वर्षानुवर्षं चाललंय.

हातमोजा नंबर सात

मूठभर! म्हणूनच चुकतंय. ३० टक्के क्लोरीनची पावडर असेल तर एक टक्क्याच्या द्रावणाला लिटरमागं ३३ ग्रॅम. दहा लिटरच्या बादलीला ३३० ग्रॅम, म्हणजे पाव किलोच्या वर. ही मूठ आहे का? उलट हात धुवायला ०.०५ टक्के लागतं, तिथं लिटरला पावणेदोन ग्रॅमसुद्धा पुरतं. तिथं मूठ टाकली की कातडी सोलते, आणि सोललेल्या कातडीतूनच विषाणू जातो. पाच टक्क्यांचं पातळ हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) असेल तर एक भाग हायपो, चार भाग पाणी.

प्लास्टिकची बादली घ्या, पत्र्याची नको. कालवून १५ मिनिटं बसू द्या, खाली चुना बसतो, वरचं निवळ वापरा. चुन्यासकट फवारणीच्या पंपात घातलं तर नोझल बंद. झाकण लावा, सावलीत ठेवा, रोज नवीन करा, आणि आपल्या उन्हाळ्यात दर पाळीला. रक्त सांडलं तर आधी कापड किंवा कागद, मग कडेकडून मध्याकडं एक टक्का ओता, दहा मिनिटं थांबा, मग उचलून पिवळ्या पिशवीत. थेट ओतलं की शिंतोडे उडतात, आणि रक्तातच क्लोरीन खर्ची पडतो. चादरींना एक टक्का नको, कापड जळतं. आधी धुवा, मग ०.०५ मध्ये अर्धा तास. संडास धुवायचं ॲसिड आणि हे एकत्र केलं तर जो वायू निघतो तो निपाहची वाट बघत नाही.

तेरणाकाठ

मूळ प्रश्न राहिला बाजूला.

हातमोजा नंबर सात

मूळ प्रश्न हाच आहे. बादलीत पाणीच पाणी असेल तर त्या मामाच्या "वैयक्तिक जबाबदारी"चा काय अर्थ?

बिंदुसरा

मग अंगावरच फवारा की. २०२० ला बोगदे केले होते, एका मिनिटात माणूस स्वच्छ.

हातमोजा नंबर सात

त्याच एप्रिलमध्ये केंद्राच्या आरोग्य खात्यानं लेखी सांगितलं की माणसावर हायपो फवारू नका. डोळे, घसा, फुप्फुस जळतं आणि आतला विषाणू जिथल्या तिथं राहतो. तुमचा सल्ला ऐकून कोणी गेटवर पंप घेऊन उभं राहिलं तर ते कलम २७१ तुम्हालाच लावा.

बिंदुसरा

भाषा सांभाळा. मी वॉर्ड बघितलेत, मला शिकवू नका.

गोचीड

पुन्हा तेच. सगळी चर्चा माणसांच्या दवाखान्याची. काँगो ताप येतो कुठून? जनावराच्या गोचिडीतून, आणि कापलेल्या जनावराच्या रक्तातून. गोठ्यात गोचीड कोण काढतं? पशुधन पर्यवेक्षक, ड्रेसर, शेतकरी. तेही उघड्या बोटांनी, दोन नखांत चिरडून. त्यांच्याकडं किट नाही, रजिस्टर नाही, आणि संपर्काच्या यादीत त्यांचं नाव येईल तेव्हा खरं. चिमट्यानं कातडीलगत धरा, सरळ वर ओढा, चिरडू नका, बाटलीत स्पिरिटमध्ये टाका. गाभण गाईचं वासरू ओढताना खांद्यापर्यंत हात आत असतो, तिथं कोपरापर्यंतचा मोजा काय कामाचा? जबाबदारीचं भाषण ऐकायला आम्ही, किट वाटताना आम्ही जनावराचे डॉक्टर.

मन्याड

भाऊ, तुमचं खरं आहे, पण वेगळा धागा काढा.

गोचीड

नेहमी हेच ऐकतो.

बिंदुसरा

ठीक. गोष्टी वेगळ्या करून बोलतो, नाहीतर तुम्ही मला पोलीसच करून टाकाल. रिपोर्टच्या आधीचं कर्मचाऱ्याच्या गळ्यात घालू नये, मान्य. आजारानुसार दिवस वेगळे, मान्य; पोस्टवाल्यानं २१ हा आकडा कुठून तरी उचलला. पण यादीत नाव आल्यावर, खोली दिल्यावर, पगार चालू ठेवल्यावरही जो गोळी खाऊन लग्नात वाढायला जातो त्याला मी सोडणार नाही. त्याला तुम्हीही सोडू नका.

तेरणाकाठ

"खोली दिल्यावर, पगार चालू ठेवल्यावर." हे दोन शब्द पोस्टमध्ये असते तर मी एवढं लिहिलंच नसतं. तसं असेल तर मीही सोडणार नाही.

मन्याड

लिहून ठेवा. आणि खोली म्हणजे संडास-बाथरूमसकट, पंखा, दोन वेळचा डबा दाराबाहेर ठेवणारा माणूस, आणि रोज ताप विचारणारा एक ठरलेला फोन. पाच वेगवेगळ्या ऑफिसांतून पाच फोन आले की सहाव्या दिवशी माणूस फोन उचलत नाही.

बिंदुसरा

आणि रजिस्टरला पहिलं नाव एमओ (वैद्यकीय अधिकारी) साहेबांचं. राउंडला येऊन, केसपेपर हातात घेऊन, स्वतःला संपर्कात न धरता क्वार्टरला जाणारे तेच असतात. सिस्टरला २१ दिवस आणि साहेबांना "माझं तर लांबूनच होतं".

तेरणाकाठ

यावर वाद नाही. नाव, कोणत्या पेशंटजवळ, किती अंतरावर, किती वेळ, काय घातलं होतं, किट काढताना समोर कोण होतं. सहा रकाने. एमओपासून मामापर्यंत सारखे.

हातमोजा नंबर सात

सातवा रकाना: त्या दिवशीचं द्रावण किती वाजता केलं आणि कोणी केलं. पुडक्यावरची तारीखही बघा. पावडरचे गोळे झाले असतील, झोंबणारा वास येत नसेल, तर ३३ ग्रॅमचं गणित तिथंच मोडतं. दमट खोलीत अर्धं उघडं ठेवलेलं पुडकं ३० वरून १५ टक्क्यांवर आलं असेल तर लिटरला ६६ लागतात. आणि वॉर्डात वजनकाटा नसतो, तर एक डबा एकदा किराणा दुकानात मोजून आणा, ३३० ग्रॅमला आतून मार्करनं रेघ ओढा. चमचा म्हणू नका, प्रत्येकाच्या घरचा चमचा वेगळा.